केंब्रिज : पाहुण्यासाठी

केंब्रिज : पूर्व इंग्लंडमधील विद्यापीठाचे शहर. लंडनच्या उत्तरेस सुमारे 80 किमी., कॅम नदीकाठी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून जलद गाडीने तासाभराच्या आत पोचता येते. ऑक्सफर्डमधील तंट्यानंतर तिथून बाहेर पडलेले काही विद्वान 1209 मध्ये इथे येऊन राहिले. विद्यापीठाचा आरंभ तेव्हापासून मानतात. नवखा पाहुणा ‘विद्यापीठ कुठे आहे?’ असे विचारतो, पण त्याला दाखवायला एकच एक आवार नाही. 31 महाविद्यालये गावभर पसरलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुने पीटरहाउस, 1284 सालचे. बहुतेक ठिकाणी चालतच जाता येते. हिरवळीवर मात्र पाय ठेवू नये. अनेक महाविद्यालयांत तो मान तिथल्या फेलोंचा, म्हणजे वरिष्ठ सदस्यांचा, असतो.

सकाळी येऊन दुपारच्या गाडीने परतणाऱ्याला केंब्रिज अर्धेच भेटते. इथली सर्वांत मोलाची गोष्ट संध्याकाळी घडते. किंग्ज कॉलेजच्या चॅपलचे काम सहाव्या हेन्रीने 1446 मध्ये सुरू केले. जॉन वेस्टेल याने 1512 ते 1515 या काळात त्यावर पंख्यासारखे उलगडत जाणारे दगडी छत चढवले. या घडणीचे याहून मोठे छत जगात नाही. दिवसा तिकीट काढून ते पाहता येते. पण सत्र चालू असताना ‘इव्हनसाँग’ या सायंप्रार्थनेला जाऊन बसावे. तिला तिकीट नाही, धर्माची अट नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात गायकवृंदातील मुलांचा कोवळा आवाज वर चढतो आणि गायक थांबले तरी शेवटचा स्वर क्षणभर छताखाली रेंगाळत राहतो. त्या क्षणी कुणी जागचे हलतसुद्धा नाही. एवढी उंची कशासाठी, ते तेव्हा कानांना कळते.

ट्रिनिटी कॉलेजमध्ये क्रिस्टोफर रेनने बांधलेले ग्रंथालय आहे. पाहुण्यांसाठी ते मोजकाच वेळ उघडे असते. वेळ आधी पाहून ठेवावी. ‘प्रिन्सिपिया’च्या पहिल्या आवृत्तीची न्यूटनची स्वतःची प्रत, त्याच्या हातच्या दुरुस्त्यांसह, इथे आहे. 1914 मध्ये ट्रिनिटीत आलेल्या रामानुजन यांच्या अखेरच्या काळातील हस्तलिखित पानेही याच ग्रंथालयात 1976 मध्ये पुन्हा सापडली.

मराठी माणसाने सिनेट हाउससमोर थोडे थांबावे. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा गुणानुक्रम पूर्वी इथे जाहीर होई. पहिल्या वर्गातला तो ‘रँग्लर’. 1899 मध्ये दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यात पहिले आले, आणि हा शब्द मराठीत त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला. जयंत नारळीकरही इथलेच रँग्लर. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातील एक नगर हेच. ते वाचून आलेल्याला इथले रस्ते ओळखीचे वाटतात.

नदीवर ‘पंट’ नावाची सपाट तळाची होडी भाड्याने मिळते. मागच्या फळीवर उभे राहून लांब काठी तळाशी रेटायची आणि होडी पुढे सरकली की काठी पाण्यात मागे तरंगू देऊन तिनेच दिशा सांभाळायची. काठी चिखलात रुतली तर सोडून द्यावी. घट्ट धरणारा काठीबरोबर मागेच राहतो. पहिल्या खेपेला नावाडी घ्यावा हे बरे. क्वीन्स कॉलेजचा लाकडी ‘गणिती पूल’ न्यूटनने खिळ्यांविना बांधला, अशी गोष्ट ऐकू येईल. ती खरी नाही : पूल 1749 चा, न्यूटन वारला 1727 मध्ये.

फिट्झविल्यम संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. पावसाची दुपार तिथे घालवावी. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे कित्येक महाविद्यालये पाहुण्यांना बंद असतात. डिसेंबरात चारलाच अंधारून येते.

एक दिवस जास्त असेल तर नदीकाठच्या कुरणांतून सुमारे तीन किमी. दक्षिणेला ग्रँचेस्टर गावी चालत जावे. वाटेत गाई चरत असतात. गावात सफरचंदाच्या जुन्या बागेत, झाडांखाली मांडलेल्या कापडी खुर्च्यांवर बसून चहा आणि स्कोन घेता येतात. पाऊस झाला असेल तर ही वाट चिखलाची होते. जाडजूड बूट घालून निघावे.