८० किलोबाइटच्या ओळीने ८०० एमबी कसे अडवले?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा प्रोग्राम रात्री मध्येच बंद पडायचा. काम साधं होतं. प्रत्येक फाईलमधून १०,००० × १०,००० दशांश संख्यांचा ॲरे वाचायचा, त्यातली एकच ओळ यादीत ठेवायची आणि पुढची फाईल उघडायची. ओळ जेमतेम ८० किलोबाइटची, तरी वीसेक फायलींतच १६ जीबी मेमरी संपायची! याचं उत्तर शोधताना मी थेट १९६० सालापर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेवरचा प्रसिद्ध शोधनिबंध आला. त्यांची युक्ती अशी: मेमरी संपत आली की वापरात असलेल्या जागांवर खूण करायची आणि उरलेल्या सगळ्या गोळा करायच्या. हेच पुढे ‘गार्बेज कलेक्शन’ झालं. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट सुचवली. प्रत्येक वस्तूला किती ठिकाणांहून धरलंय ते मोजत राहायचं, आणि मोजणी शून्यावर आली की जागा लगेच मोकळी करायची. हा ‘रेफरन्स काउंट’. पण दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं, तर मोजणी कधीच शून्य होत नाही. ही उणीव मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिली होती.

१९९१ मध्ये आलेल्या पायथनने कॉलिन्सची वाट धरली. अशी चक्रं शोधून काढणारी जोडव्यवस्था त्यात आली ती २००० साली, २.० आवृत्तीत.

आता माझ्या चुकीकडे येऊ. पायथनच्या साध्या लिस्टचा तुकडा घेतला, तर नवी लिस्ट मिळते. नमपायमध्ये तसं होत नाही. तिथे स्लाइस म्हणजे ‘व्ह्यू’, म्हणजे त्याच मेमरीकडे बघणारी दुसरी खिडकी. त्यामुळे मोठे ॲरे पुन्हापुन्हा कॉपी करावे लागत नाहीत. पण खिडकी उघडी असेपर्यंत मूळ ॲरेची मोजणी शून्य होत नाही. माझी प्रत्येक ओळ मागे पूर्ण ८०० एमबी धरून बसली होती.

उपाय एका शब्दाचा होता: ओळ घेताना ‘कॉपी’ करणं.

तुमचाही प्रोग्राम असा गुदमरत असेल, तर जास्त रॅम मागण्याआधी ॲरेचं ‘बेस’ तपासा. ते रिकामं नसेल, तर तो ॲरे दुसऱ्याच्या मेमरीवर जगतोय. मग स्वतःला विचारा: मूळ ॲरेला अजून कोणी धरून ठेवलंय?