‘पूना पेंटिंग’ची कुळकथा

इंग्रजीने पुण्याचे नाव कशाला दिले, असे विचारले की पुणेकर लगेच बॅडमिंटन सांगतो. गोरे अधिकारी त्या खेळाला ‘पूना’ म्हणत. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात आणखी एक नोंद आहे, तिची दखल फारसे कुणी घेत नाही: ‘पूना पेंटिंग’. सोबत पूना ब्रश आणि पूना पेपरही.

१८२० च्या दशकात इंग्लंडातल्या खात्यापित्या घरच्या मुली ही कला हौसेने शिकत. तेल पाजून वाळवलेल्या कागदावर फळाफुलांचे आकार गिरवायचे आणि चाकूने कापून काढायचे. शेजारशेजारच्या पाकळ्या एकाच कागदात कापल्या तर मधे पट्टीच उरत नाही, म्हणून एका गुलाबाला दोन-तीन कागद लागत. मग आखूड, ताठ केसांचा ब्रश जवळजवळ कोरड्या रंगात टेकवून कडेकडून आत घासत न्यायचा. कडेला रंग दाट, मधे फिका, की सपाट पीच गरगरीत दिसू लागतो. शिरा आणि देठ शेवटी बारीक कुंचल्याने. रांगोळीचा छापा वापरणाऱ्या कुणालाही यातली मेख कळेल: हात बसलेला नसला तरी चित्र उठते.

यात पुण्याचे काय? माझ्या मते, नावापलीकडे काही नाही. हेच तंत्र ‘ओरिएंटल टिंटिंग’ म्हणूनही शिकवले जाई, अमेरिकेत त्याला ‘थिओरम’ म्हणत. पूर्वेचे नाव लावले की शिकवणीला गिऱ्हाईक मिळते, एवढा साधा हिशेब. त्यातही पुणेच का, याचा माझा अंदाज असा: खडकी आणि कोरेगावच्या लढाया झाल्या, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आणि हे गाव लंडनच्या वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचले. दुकानदाराला आयते नाव मिळाले.

खरी पुणेरी चित्रकला मात्र त्याआधीच विलायतेला गेली होती. १७९० च्या दशकात रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिथे शिकवी. त्याच्या हाताखालच्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी अशी रेखाटली की खांबावरची नक्षीसुद्धा सुटली नाही. सवाई माधवरावांच्या दरबाराचे मोठे तैलचित्र थॉमस डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ मध्ये पुरे केले. तांबटांची चित्रे मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली. आज त्यांतली बरीच अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांना ‘पूना पेंटिंग’ कुणी म्हणत नाही.