'भरा' की 'मरा'? बालू फॉन्टची गोष्ट

आजचा एपिसोड मी स्वतः घातलेल्या एका घोळापासून सुरू होतो.

मी अ‍ॅप्स बनवतो. बिलं भरायच्या एका अ‍ॅपचं मराठी व्हर्जन माझ्याकडे आलं होतं. बटणासाठी मी 'बालू' फॉन्ट घेतला. जाडजूड, गोल कडांचा, एकदम गुबगुबीत. टेस्टिंगला फोन आईच्या हातात दिला. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "बिल मरा असं दिसतंय रे मला. डोळे तपासायला हवेत."

लिहिलं होतं 'बिल भरा'. डोळे तिचे ठीक होते, चूक माझी होती.

बघा, 'भ' आणि 'म' यांत फरक किती? 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटते, तिथे छोटीशी गाठ असते. 'ध' आणि 'घ'चंही तसंच. अक्षर जाड करत गेलं की ती फट बुजत जाते. ठळक देवनागरी काढण्यातली गोम हीच आहे. पाट्या रंगवणारे पेंटर ही फट नजरेने सांभाळायचे. छापखान्यात ते काम खिळे घडवणाऱ्यांचं. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली सुरू केलेला निर्णयसागर छापखाना तर त्याच्या सुबक टाइपासाठीच नावाजला गेला.

मग कॉम्प्युटर आले. र. कृ. जोशींनी केलेला 'मंगल' विंडोज २००० सोबत घरोघरी पोचला. पण तो वाचायच्या मजकुराचा फॉन्ट. पोस्टरला, मथळ्याला काय वापरायचं? इंग्रजीत गोल, जाड अक्षरांची चंगळ होती. फोक्सवॅगनसाठी केलेला 'व्हॅग राउंडेड' १९७९ चा! मराठीत युनिकोडमध्ये असं काही शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागायचं.

२०१६ साली मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा बालू गूगल फॉन्ट्सवर आला. फुकट, खुल्या परवान्याचा. आणि एकटा नाही, भावंडांसकट! गुजरातीत 'बालू भाई', बंगालीत 'बालू दा', गुरुमुखीत 'बालू पाजी', तमिळमध्ये 'बालू तंबी', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन', उर्दूत 'बालू भाईजान'. प्रत्येक लिपीत आडनावासारखा 'भाऊ' जोडलेला. म्हणजे एकाच पोस्टरवर मराठी, तमिळ आणि इंग्रजी एकाच घरातली वाटू शकतात, कुणी पाहुणं नाही.

मग माझं काय चुकलं? तो पहिला बालू एकाच जाडीचा होता, मुळातच ठळक. माझ्या कोडमध्ये मात्र बटणाला 'बोल्ड' लावलेलं. फोनला बोल्ड फाइल सापडली नाही, म्हणून त्याने अक्षराच्या कडा आपल्याच मनाने फुगवल्या. डिझायनरने जपलेली फट माझ्या एका ओळीने बुजली. २०१९ मध्ये 'बालू २' आला. त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत, प्रत्येक नीट आखलेली. मी तो घेतला, 'भ' परत 'भ' झाला.

पण आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. मराठी नीट दिसली नाही तर आपली माणसं अ‍ॅपला दोष देत नाहीत. स्वतःच्या डोळ्यांना देतात आणि गुपचूप इंग्रजीवर जातात.

तुम्हीही कोड लिहीत असाल तर रिलीजआधी एकदा 'भरा', 'धर', 'घर' टाइप करून बघा. आणि फोन घरातल्या मोठ्यांच्या हातात द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!