उंबरठ्याच्या आतली शाळा

विशेष गरजा असलेल्या मुलांना घरी शिकवण्याची तरतूद अलीकडची. ती मुले घरात राहणे मात्र फार जुने. या दोन गोष्टींची गल्लत झाली की तरतुदीचा हेतूच हरवतो. महाराष्ट्रात अशा मुलांच्या शाळा आधी मुंबईत निघाल्या. दादरची अंधशाळा १९०० सालची, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची जय वकील शाळा १९४४ची. यवतमाळ जिल्ह्यात अरुणावती नदीकाठच्या आर्णीतल्या कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या घराला सहा-सातशे किलोमीटरवरच्या या शाळांचा काय उपयोग होता? १९७४मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली, पण तिचा रोख साध्या शाळेत सामावू शकणाऱ्या मुलांवर होता. ज्याला स्वतः उठून बसता येत नाही, ते मूल घरीच राहिले. सर्व शिक्षा अभियानात गृहाधारित शिक्षण आले आणि २०१२च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात बहुविकलांग व तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अशाने शाळेला हात झटकायला वाट मिळते. नाव पटावर, मूल खाटेवर. भीती खरी आहे, पण तेवढ्यावरून पर्यायच काढून टाकला तर मूल पुन्हा १९७४च्या जागी जाते. आपल्याच राज्यात याचे उत्तर सापडते. तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाड परिसरात मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. ती शाळा ठरली, कारण अंगणात रोज शिकवणारे माणूस होते. घरी शिकणाऱ्या मुलालाही हीच कसोटी लावायला हवी. फिरते विशेष शिक्षक येतात, मुलाच्या मुठीत जाड दांड्याचा चमचा धरवतात, घास तोंडापर्यंत नेण्याचा सराव करवतात, तहान लागल्यावर पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायला शिकवतात. हे शिक्षणच आहे, आणि पाढ्यांपेक्षा ते कमी अवघड नाही.

आई-वडीलच शिकवतील, असे काही जण म्हणतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे शेतात जाते. मूल आजीजवळ किंवा धाकट्या भावंडाजवळ राहते. या घराकडून शिक्षकाचे काम मागणे म्हणजे सरकारची जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकणे. आईला पद्धत जरूर शिकवावी, पण सरावाचा भार वस्तीवरच्या अंगणवाडीने आणि जवळच्या शाळेनेही उचलावा. पर्याय एकदा निवडला म्हणून तो कायमचा ठरू नये. मूल बसू लागले की त्याला शाळेत आणण्याची सोय दरवर्षी नव्याने तपासली पाहिजे. प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने पुढच्याच बैठकीत मुख्याध्यापकांना विचारावे: आपल्या पटावरच्या घरी शिकणाऱ्या मुलाकडे शिक्षक शेवटचे कधी गेले होते आणि त्या दिवशी त्याला काय शिकवले?