आधी आकडे, मग शब्द

साल १९९९. लंडनच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर तुम्ही बसला आहात, हातात नोकिया ३२१०. मैत्रिणीला ‘हॅलो’ धाडायचंय. जुन्या सवयीने एचसाठी ४ दोनदा दाबता, ईसाठी ३ दोनदा. एल ५ वर तिसरा, शिवाय लागोपाठ दोन, म्हणून मध्ये क्षणभर थांबायचं. असे एकूण १३ दाब. शेजारचं शाळकरी पोर न राहवून तुमच्या फोनवर टी-नाइन चालू करून देतं. आता अक्षरामागे एकच दाब: ४-३-५-५-६. मधल्या मध्ये पडद्यावर भलतंच काही उमटत राहतं. तिकडे बघूच नका. पाचव्या दाबाला ‘हॅलो’ हजर.

फोनला कळतात ते फक्त आकडे. त्यांत बसणारे शब्द तो आपल्या कोशातून काढतो आणि जास्त वापरातला पुढे करतो. २-६-६-५ मध्ये ‘बुक’ही बसतं नि ‘कूल’ही, हवा तो येईस्तोवर चांदणी दाबायची. पुढे इंग्लंडातली पोरं तेवढेही कष्ट घेणार नाहीत, ‘कूल’ म्हणायचं तिथे सरळ ‘बुक’ म्हणतील.

चार वर्षं मागे सरका, सिएटलला. टी-नाइन घडवणाऱ्या टेजिक कंपनीचे मार्टिन किंग आणि क्लिफ कुशलर यांच्या डोक्यात सुरुवातीला मोबाइल नव्हताच. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना नुसत्या नजरेने लिहिता यावं, ही खटपट होती. नजरेने २६ अक्षरं नेमकी टिपणं अवघड. मग एकेका जागी तीन-चार अक्षरं ठेवा आणि निवड यंत्रावर सोपवा. डेल ग्रोव्हर यांच्यासह १९९५ मध्ये अर्ज, ६ ऑक्टोबर १९९८ ला पेटंट. धडधाकट अंगठ्यांची घाई पुढे या सोयीवर पोसली गेली, हे विसरायला नको.

आता पुण्यात उतरा, २००२ च्या सुमारास. मराठी, पण रोमन अक्षरांत. ‘आई’साठी २-२-४ दाबता, समोर ‘बॅग’. ‘काय’चं ५-२-९ म्हणजे फोनच्या लेखी ‘लॉ’. ‘येतो’चं ९-३-८-६ दाबल्यावर तर तो प्रश्नचिन्ह टाकून मोकळा. मग ‘स्पेल’मध्ये शिरून एकेक अक्षर जुन्या पद्धतीने भरायचं, तेव्हा कुठे शब्द कोशात जातो. तोही एकटा ‘येतो’. फोन बहिणीच्या हाती गेला की तिला ‘येते’ हवं, म्हणजे ९-३-८-३, आणि ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं.