लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना

लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना म्हणजे लस दिल्यानंतर आढळणारी कोणतीही अनिष्ट वैद्यकीय घटना. ती लशीमुळेच घडलेली असते असे नाही. ‘लशीनंतर’ आणि ‘लशीमुळे’ यांतील फरक या संज्ञेत गृहीत धरलेला आहे. आरोग्य यंत्रणेत तिचा उल्लेख इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एईएफआय’ असा केला जातो. बालकांमध्ये आढळणाऱ्या अशा घटनांपैकी बहुतांश सौम्य असून एक-दोन दिवसांत आपोआप शमतात. गंभीर घटना विरळ असतात, परंतु त्यांत वेळेवर उपचार मिळणे निर्णायक ठरते.

कारणे व वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार या घटनांची पाच कारणे मानली जातात: लशीचा स्वाभाविक गुणधर्म, लशीच्या गुणवत्तेतील दोष, लस देण्यातील चूक, सुईच्या भीतीतून किंवा ताणातून उद्भवणारी प्रतिक्रिया आणि योगायोग. मोठ्या मुलांना शाळेत एकत्रितपणे लस दिली जाते तेव्हा भोवळ येण्याचे प्रकार बहुधा ताणामुळे घडतात.

लस देण्यातील चुकीचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात ३१ जानेवारी २०२१ रोजी घडले. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेदरम्यान पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. बालकांना रुग्णालयात दाखल करण्यात आले व ती बरी झाली. ही घटना लशीनंतरचीही नव्हती, कारण लस दिलीच गेली नव्हती. तरीही लसीकरण सत्रातील दक्षता किती आवश्यक आहे हे तिने दाखवून दिले.

अपेक्षित सौम्य परिणाम

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ६, १० आणि १४ आठवड्यांच्या वयात पेंटाव्हॅलंट लस दिली जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ब या रोगांपासून ती संरक्षण देते. तिच्यातील डांग्या खोकल्याचा घटक संपूर्ण मृत जिवाणूंपासून बनवलेला असल्याने ताप, मांडीवर सूज व लाली, दुखणे आणि चिडचिड हे परिणाम तुलनेने अधिक दिसतात. ते पहिल्या ४८ तासांत उद्भवतात. टोचलेल्या जागी राहणारी लहान कठीण गाठ काही आठवड्यांत विरते.

गोवर-रुबेला लशीचा ताप व पुरळ मात्र लगेच न दिसता ५ ते १२ दिवसांनी दिसू शकतात; त्यामुळे पालकांना त्यांचा लशीशी संबंध लक्षात येत नाही. बीसीजी लशीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन तो फुटतो व पुढे व्रण उरतो. ही लशीची अपेक्षित प्रतिक्रिया असून त्यावर मलम वा पट्टी लावण्याची गरज नसते.

घरगुती काळजी

ताप आल्यास बाळाला सैल, हलके कपडे घालावेत व स्तनपान वारंवार चालू ठेवावे. टोचलेल्या जागी स्वच्छ, थंड पाण्यात भिजवलेले कापड ठेवता येते. ती जागा चोळणे, शेकणे किंवा तिच्यावर हळद, तेल अथवा लेप लावणे टाळावे.

पॅरासिटामॉल आरोग्यसेविका किंवा डॉक्टर यांच्या सल्ल्याने, बाळाच्या वजनानुसार द्यावे लागते. साधारण मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असून दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर ठेवतात. थेंबांच्या बाटलीत सामान्यतः दर मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. एका बाटलीचे माप दुसरीला लावल्यास मात्रा चुकते. म्हणून वेष्टनावरील प्रमाण वाचणे आवश्यक ठरते. ॲस्पिरिन बालकांना देऊ नये.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास बाळाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते:

- श्वास घेण्यास त्रास, ओठ वा चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी
- झटके येणे
- बाळ एकाएकी निस्तेज, लुळे किंवा निळसर होणे
- तीन तासांहून अधिक काळ न थांबणारे रडणे
- दूध न घेणे, वारंवार उलट्या, शौचातून रक्त
- दोन दिवसांनंतरही न उतरणारा किंवा १०२ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप

ॲनाफिलॅक्सिस ही तीव्र ॲलर्जी अत्यंत विरळ असून दहा लाख मात्रांमागे सुमारे एक या प्रमाणात आढळते. ती बहुधा काही मिनिटांतच सुरू होते. म्हणून लस दिल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रावर थांबवतात व सत्राच्या ठिकाणी ॲड्रेनालिन ठेवलेले असते.

ग्रामीण भागातील व्यवस्था

गावांमध्ये लसीकरण सत्र सामान्यतः उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत भरते. आरोग्यसेविका लस टोचते आणि आशा कार्यकर्ती मातांना बोलावून आणते. सकाळी दिलेल्या पेंटाव्हॅलंटचा ताप बहुधा सायंकाळी किंवा रात्री चढतो, तेव्हा सत्र संपलेले असते. त्यामुळे कोणती लस दिली, कोणता त्रास संभवतो व त्यावर काय करावे, पुढची तारीख कोणती आणि लसीकरण कार्ड जपून ठेवावे, हे चार संदेश सत्रातच देणे अपेक्षित आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप परिसरात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. अशा भागात हे संदेश मातेच्या भाषेत देणे विशेष महत्त्वाचे ठरते. गंभीर लक्षणे असलेल्या बालकाला मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात व आवश्यकतेनुसार सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेता येते. रुग्णवाहिकेसाठी राज्यभर १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

नोंद व तपास

गंभीर घटनेची माहिती तातडीने, २४ तासांच्या आत, वरिष्ठ आरोग्य यंत्रणेला कळवणे अपेक्षित असते. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरांवरील समित्या कारणांची छाननी करतात. लसीकरण कार्डावरील तारीख आणि पालकांनी सांगितलेली लक्षणे व त्यांची वेळ हे या तपासाचे प्राथमिक पुरावे असतात.

पुढील मात्रा

साधा ताप, सूज किंवा गाठ आल्यामुळे पुढील मात्रा टाळण्याचे कारण उरत नाही. आधीच्या मात्रेनंतर ॲनाफिलॅक्सिस झाल्यास मात्र तीच लस पुन्हा देत नाहीत. झटके आले असल्यास निर्णय डॉक्टर घेतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याच्या लशीविषयी भीती पसरल्याने लसीकरणाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि रोगाच्या मोठ्या साथी आल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी परिसरात पसरलेल्या गोवराच्या साथीतही लसीकरण न झालेल्या किंवा अपूर्ण राहिलेल्या बालकांना मोठी झळ पोहोचली.