मौनाचा अर्थ : साक्षीचा पिंजरा आणि मनावरची जखम

न्यायालयाला दिसते ती जखम बहुधा शरीरावरची. तिची लांबी-रुंदी मोजता येते, वैद्यकीय अहवालात ती नोंदवता येते. मनावरच्या जखमेला असे माप नाही. ती कधी अडखळत्या साक्षीतून, कधी मागेपुढे झालेल्या तपशिलांतून, तर कधी निव्वळ मौनातून व्यक्त होते. या मौनाचा अर्थ आपल्या न्यायव्यवस्थेने कसकसा लावला, हे पाहायचे तर सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यापासून करावी लागते.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी, अनाथ मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोपी दोन पोलीस शिपाई. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला आणि भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट केले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोपींना पुन्हा मुक्त केले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे विरोध झाला नसावा, असा तो तर्क होता.

तीव्र भीतीच्या क्षणी माणूस लढतो किंवा पळतो एवढेच नव्हे, तर जागच्या जागी गोठूनही जातो, हे आज मानसशास्त्र सांगते. पण नागपूर खंडपीठाला ते समजण्यासाठी मानसशास्त्राची गरज भासली नव्हती. उणीव ज्ञानाची नव्हती, ऐकण्याची होती.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितल्यास ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, पीडितेची ओळख प्रकट करू नये, सुनावणी बंद दालनात व्हावी, अशा तरतुदी आल्या. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे कायद्यात उतरायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

दरम्यान दालनाची रचनाही बदलू लागली. ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पीडितेला आरोपी दिसू नये म्हणून पडदा असावा, उलटतपासणीतले घटनेसंबंधीचे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनी विचारावेत आणि मुलांना साक्षीदरम्यान पुरेशी विश्रांती मिळावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकाचा जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा, इथवर विचार केला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या दोन प्रकरणांत, २०१७ आणि २०२२ मध्ये, असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रांचे आदेश निघाले.

हा सारा प्रवास बोलणाऱ्याच्या बाजूचा झाला. ऐकणाऱ्यांचे काय? सरकारी वकील, बचावाचा वकील, न्यायाधीश, शब्दन्‌शब्द टंकित करणारा लघुलेखक, हे सारे वर्षानुवर्षे तीच वर्णने ऐकतात. दुसऱ्याची वेदना सतत ऐकून ऐकणाऱ्याच्याही मनाची घडण बदलते, असे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील सुमारे तेरा हजार वकिलांच्या पाहणीत २८ टक्के जणांत नैराश्याची लक्षणे आढळली. आपल्याकडे वकिलांसाठी २००१ चा कल्याण निधी कायदा आहे. पण त्याचा विचार प्रामुख्याने आर्थिक साहाय्याचा आहे.

हा प्रश्न केवळ वकिलांच्या सुखाचा मानला तर त्याचे मर्म निसटते. मनाचा बचाव म्हणून माणूस निबर होतो. व्यवसायात त्यालाच आपण अनुभव म्हणतो, कधी कौतुकाने खंबीरपणाही म्हणतो. पण मनाला पडलेला हा घट्टा पुढच्या साक्षीदाराच्या वाट्याला येतो. तिच्या थांबण्यात लबाडी दिसू लागते, तिच्या रडण्याने कामाचा खोळंबा वाटू लागतो.

पडदा उभारता येतो, प्रश्न लेखी घेता येतात, दालन वेगळे बांधता येते. या सर्वांच्या पलीकडे बसलेले मन थकलेले असेल, तर मौनाचा अर्थ पुन्हा १९७८ सारखाच लागण्याचा धोका उरतो. न्याय करणाऱ्यांच्या मनाची निगा हा म्हणूनच न्यायाच्याच कामाचा भाग आहे.